बसच्या ‘फुस्स’ आवाजामागचं तंत्रज्ञान: एअर ब्रेक म्हणजे काय आणि बस ‘रिकॉल’ होते म्हणजे नेमकं काय होतं?

बस स्टॉपवर येऊन थांबते आणि खालून एकदम ‘फुस्स्स’ असा आवाज येतो. शेजारी झोपलेलं कुत्रं दचकून उठतं, आपण मात्र मोबाइलमधून मानही वर काढत नाही. लाल एसटी असो, पुण्यातली पीएमपी असो की मुंबईतली बेस्ट, हा आवाज लहानपणापासून ओळखीचा आहे. तो आवाज म्हणजे दाबून भरलेली हवा बाहेर पडण्याचा आवाज. बस थांबवायचं कामही हीच हवा करते.

आता ‘रिकॉल’ हा शब्द तुम्हाला मोबाइलमुळे माहीत असेल. २०१६ मध्ये सॅमसंगने गॅलक्सी नोट ७ परत मागवला होता, कारण त्याच्या बॅटऱ्या पेट घेत होत्या. बदलून दिलेले फोनसुद्धा पेटले आणि शेवटी ते मॉडेलच बंद करावं लागलं. ज्यांनी तरीही फोन परत केला नाही, त्यांच्यासाठी कंपनीने असा अपडेट पाठवला की फोन चार्जच होऊ नये. हे सगळं शक्य झालं कारण फोन कुणाच्या हातात आहे हे कंपनीला कळत होतं आणि ज्याच्या हातात तो होता त्यालाही बातमी कळत होती.

बसचं तसं नसतं. बसच्या ब्रेकमध्ये कारखान्यातूनच दोष आलेला असेल तर पत्र जातं बसच्या मालकाला, म्हणजे परिवहन संस्थेला किंवा ठेकेदाराला. आत उभे असलेले साठ-सत्तर जण त्या बसचे मालक नसतात. त्यांना काहीच कळत नाही. म्हणून हा विषय जरा नीट समजून घेऊया. आधी ब्रेक, मग रिकॉल.

हवाच का?

कारमध्ये किंवा बाइकच्या डिस्क ब्रेकमध्ये ब्रेक ऑइल असतं. तुम्ही पेडल किंवा लिव्हर दाबता, तो दाब तेलातून चाकापर्यंत जातो. पण भरलेली १२ मीटरची बस १६ टनांच्या आसपास जाते. एवढं वजन नुसत्या पायाच्या जोरावर थांबवायचं तर चालक दिवसाअखेर घरी चालत जाऊ शकणार नाही. म्हणून तिथे जोर हवेचा असतो, पाय फक्त किती हवा सोडायची ते ठरवतो.

इंजिनला जोडलेला एक कॉम्प्रेसर हवा दाबून टाक्यांमध्ये भरत राहतो. कारच्या टायरमध्ये आपण साधारण ३०-३५ पीएसआय हवा भरतो. बसच्या ब्रेकच्या टाकीत १२० पीएसआयच्या आसपास असते. तेवढा दाब झाला की गव्हर्नर नावाचा भाग कॉम्प्रेसरला ‘पुरे’ म्हणतो, आणि त्याच वेळी एअर ड्रायर साठलेलं पाणी फुस्सकन बाहेर टाकतो. स्टॉपवर ऐकू येणारा एक आवाज हा असतो. दुसरा येतो पार्किंग ब्रेक लावल्यावर. काही बसमध्ये दरवाजाही हवेवरच चालतो, त्याचा तिसरा.

पाणी कुठून आलं? हवेत बाष्प असतं. हवा दाबली की ती तापते, मग टाकीत थंड होते आणि बाष्पाचं पाणी होतं. थंड ताकाच्या पेल्याला बाहेरून घाम येतो ना, तसंच. हे पाणी नळ्यांमध्ये आणि व्हॉल्व्हमध्ये गेलं तर गंज धरतो. जिथे कडाक्याची थंडी पडते तिथे तर ते गोठून बर्फ होतं आणि व्हॉल्व्ह अडकतो. म्हणून ड्रायर असूनसुद्धा टाकीच्या खालचा ड्रेन कॉक उघडून पाणी काढायचं काम डेपोत करावंच लागतं.

चालकाने पेडल दाबलं की हवा चाकाजवळच्या ब्रेक चेंबरमध्ये जाते. तिथे रबराचा पडदा असतो, तो एक दांडा पुढे ढकलतो, दांडा स्लॅक ॲडजस्टरमार्फत एक कॅम फिरवतो आणि ब्रेक लायनर ड्रमला जाऊन घासतात. हे वाचायला जेवढा वेळ लागला तेवढा नाही, पण थोडा वेळ लागतोच. तेलाच्या ब्रेकमध्ये दाब जवळपास लगेच पोचतो, हवेला नळ्यांमधून धावत जावं लागतं. अर्धा सेकंद गेला असं धरा. ताशी ६० किलोमीटर वेगात अर्ध्या सेकंदात बस आठ मीटर पुढे गेलेली असते. पुढच्या वेळी बससमोरून बाइकने कट मारताना हे आठ मीटर लक्षात असू द्या.

हा उशीर कमी करायला मागच्या चाकांजवळ रिले व्हॉल्व्ह बसवतात. पेडलकडून त्याला फक्त इशारा मिळतो, खरी हवा तो जवळच्या टाकीतून सोडतो. हा व्हॉल्व्ह लक्षात ठेवा, पुढे तोच गोष्टीत येणार आहे.

हवा गेली तर ब्रेक फेल? उलट!

बहुतेकांना वाटतं की हवा लीक झाली की ब्रेक फेल आणि गाडी सुसाट. खरं तर हे काम बरोबर उलटं करून ठेवलेलं आहे.

मागच्या चाकांच्या चेंबरमध्ये एक दणकट स्प्रिंग असते. तिचा स्वभावच ब्रेक लावण्याचा. हवेचा दाब तिला मागे दाबून धरतो, तेव्हा कुठे चाक मोकळं होतं. हवा गेली की स्प्रिंग सुटते आणि ब्रेक आपोआप लागतो. पार्किंग ब्रेकही हाच. म्हणजे गाडी चालायची असेल तर हवा हवीच, नाहीतर ती जागची हलणार नाही. ही विचारसरणी जुनी आहे. अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८६९ मध्ये रेल्वेसाठी हवेचा ब्रेक आणला. त्या पहिल्या प्रकारात ब्रेक लावायला हवा पाठवावी लागे, त्यामुळे पाइप तुटला की ब्रेक गेला. काही वर्षांतच त्याने ते उलटवलं: पाइपमधला दाब कमी झाला की ब्रेक लागणार. डबे तुटून वेगळे झाले तरी आपोआप थांबणार. बसमधली रचना वेगळी आहे, पण ‘बिघडलं तर थांबलं पाहिजे’ हा हट्ट तोच.

अमेरिकी नियमांनुसार दाब ६० पीएसआयच्या आसपास उतरला की चालकाला दिवा किंवा बझरने इशारा मिळाला पाहिजे. तरीही दुर्लक्ष केलं आणि दाब आणखी खाली, २० ते ४५ पीएसआयच्या दरम्यान आला, की स्प्रिंग ब्रेक स्वतःहून लागायला लागतात. शिवाय सर्किट दोन असतात. एकातली हवा गेली तरी दुसरं काही चाकांवर काम करतं.

मग एवढं सगळं असताना ‘ब्रेक फेल’ होतं कसं? एक मोठं कारण उष्णता. खंबाटकी किंवा बोरघाट उतरताना चालक सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरला तर ड्रम इतके तापतात की लायनरची पकडच कमी होते. टाकीत हवा भरपूर असते, दांडाही पुढे सरकतो, पण घर्षण होत नाही. तापलेला ड्रम फुगतोही, म्हणजे लायनरला आणखी लांब जावं लागतं. म्हणून उतारावर खालच्या गिअरमध्ये उतरा असं प्रत्येक घाटात लिहिलेलं असतं. दुसरं कारण म्हणजे ॲडजस्टमेंट. लायनर झिजत जातात, मधली फट वाढत जाते, आणि एक दिवस दांडा पूर्ण बाहेर येऊनही ब्रेक नीट लागत नाही. तिसरं, घाबरून पेडल भराभर पंप करणं. जुन्या कारमध्ये ते कधी उपयोगी पडायचं, एअर ब्रेकमध्ये प्रत्येक दाबाला टाकीतली हवा खर्च होते.

ही तिन्ही कारणं देखभालीची किंवा चालवण्याची. यात रिकॉलचा संबंध नाही. रिकॉल तेव्हा, जेव्हा चूक बनवतानाच झालेली असते.

एक सावधगिरीही सांगतो. अपघात झाला की पहिल्या तासात ‘ब्रेक फेल’ ही बातमी व्हॉट्सॲपवर फिरते. डिसेंबर २०२४ मध्ये कुर्ल्यात बेस्टच्या इलेक्ट्रिक बसच्या भीषण अपघातात अनेकांचा जीव गेला, तेव्हाही आधी हेच ऐकू आलं. नंतर आरटीओच्या तपासणीत ब्रेक चालू स्थितीत असल्याचं समोर आलं आणि चर्चा चालकाला या प्रकारच्या बसचं प्रशिक्षण किती मिळालं होतं याकडे वळली. दोष यंत्रात आहे की आणखी कुठे, हे फॉरवर्डवरून ठरत नाही.

ब्रेक न दाबताच लागला तर?

आता त्या रिले व्हॉल्व्हकडे येऊ. बेंडिक्स ही अमेरिकेतली एअर ब्रेकचे भाग बनवणारी मोठी कंपनी. तिचा एटीआर-६ नावाचा व्हॉल्व्ह अनेक कंपन्यांच्या ट्रकमध्ये आणि प्रवासी बसमध्ये बसवलेला होता. हा साधा रिले व्हॉल्व्ह नाही. चाक घसरायला लागलं तर गाडीचा कॉम्प्युटर याच्यामार्फत, चालकाने पेडल दाबलेलं नसतानाही, ब्रेक लावू शकतो. म्हणजे सुरक्षिततेसाठीच दिलेली सोय.

२०११ मध्ये बेंडिक्सला हे व्हॉल्व्ह रिकॉल करावे लागले. कडाक्याच्या थंडीत काही व्हॉल्व्हच्या आत हवा झिरपू लागायची. झिरपलेली हवा ब्रेकच्या बाजूला गेली की ब्रेक थोडा थोडा लागलेलाच राहायचा.

पहिल्यांदा वाचताना वाटतं, ब्रेक लागतोय ना, मग धोका कसला? पण विचार करा. बस चालू आहे आणि चाकाचा ब्रेक अर्धवट घासतोय. चालकाला इंजिन जरा ओढतंय एवढंच जाणवेल. ड्रम तापत जाणार, ग्रीस वितळणार, आणि चाकाशी आग लागू शकते. बसच्या मागे आगीला आणखी काय लागतं, टायर आहेतच. किंवा ब्रेक एकदम पकडला तर बर्फाळ रस्त्यावर गाडी आडवी जाणार. आणि मागचा दिवा? तो पेटतो पेडलकडून गेलेल्या हवेच्या दाबावर. इथे पेडल कुणी दाबलेलंच नाही. म्हणजे पुढची बस मंदावतेय आणि मागच्याला लाल दिवा दिसत नाही.

या प्रकरणात आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. दोष एका कंपनीच्या एका भागात, पण तो भाग बसलेला डझनभर मॉडेलमध्ये. मोबाइलमध्ये जसा एकाच कंपनीचा कॅमेरा सेन्सर पाच ब्रँडच्या फोनमध्ये असतो तसंच. त्यामुळे भाग बनवणाऱ्याने कळवल्यावर प्रत्येक गाडी उत्पादकाला आपापल्या कोणत्या गाड्यांत तो गेलाय हे शोधून आपला वेगळा रिकॉल काढावा लागतो.

रिकॉलची चाकं कशी फिरतात?

अमेरिकेत यासाठी १९६६ पासून कायदा आहे आणि नॅशनल हायवे ट्रॅफिक सेफ्टी ॲडमिनिस्ट्रेशन ही सरकारी संस्था तो राबवते. सुरक्षिततेचा दोष आहे असं कंपनीने ठरवलं की पाच कामाच्या दिवसांत या संस्थेला कळवावं लागतं. मालकांना साठ दिवसांत पत्र जावं लागतं. दुरुस्ती फुकट. गाडी पहिल्यांदा विकल्यापासून १५ वर्षांपर्यंत ही फुकट दुरुस्तीची जबाबदारी राहते.

प्रत्येक रिकॉलला नंबर मिळतो आणि तो वाचायला मजा येते. पहिले दोन अंक वर्षाचे. मग एक इंग्रजी अक्षर: व्ही असेल तर गाडी, ई असेल तर सुटा भाग, टी असेल तर टायर. मग क्रमांक. हे सगळं संस्थेच्या वेबसाइटवर कुणालाही उघडून वाचता येतं. कंपनीने स्वतःच्या शब्दांत कबूल केलेलं असतं की दोष काय, कधी कळला, किती गाड्यांत आहे. फोन कंपन्यांनी ‘माइनर बग फिक्सेस’ लिहून सोडून द्यायची सवय लावलेल्या आपल्यासारख्यांना हा मोकळेपणा जरा चकित करतो.

पण पत्र मिळालं म्हणजे ब्रेक दुरुस्त झाला असं नाही. समजा एखाद्या शहराकडे त्या मॉडेलच्या दोनशे बस आहेत. सगळ्या उद्या उभ्या केल्या तर हजारो लोक कामावर पोचणार नाहीत, आणि त्यातले बरेच बाइकवर निघतील, जी बसपेक्षा कितीतरी जास्त धोक्याची. चालवत ठेवल्या तर दोष रस्त्यावर आहे. त्यात नवा भाग कारखान्यातून यायला महिनोन्‌महिने लागू शकतात. मग डेपो व्यवस्थापक मधला मार्ग काढतात: रोज निघण्याआधी तपासणी, संशयास्पद बस बाजूला, बाकीच्या पाळीपाळीने दुरुस्तीला. मला वाटतं सगळ्यात कठीण निर्णय हाच असतो, आणि तो घेणारा माणूस बातमीत कधी येत नाही.

आणि आपल्याकडे?

भारतात बराच काळ रिकॉल कंपनीच्या मर्जीवर होता. वाहन उत्पादकांच्या संघटनेने, म्हणजे सियामने, २०१२ मध्ये ऐच्छिक रिकॉलची पद्धत आणली. कायद्यात तो आला २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने, कलम ११०अ म्हणून, आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. सरकार आता सक्तीने रिकॉल करायला लावू शकतं आणि कंपनीला १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गाडी दुरुस्त करून द्यायची, बदलून द्यायची किंवा पैसे परत करायचे, हेही कायद्यात आहे.

तक्रार वाहन पोर्टलवर करता येते, पण ती मालकाने करायची. ठरावीक टक्केवारीच्या वर तक्रारी गेल्या की चौकशी सुरू होते. मोठ्या प्रवासी वाहनांसाठी हा आकडा वार्षिक विक्रीच्या ३ टक्के ठेवलाय. आणि गाडी सात वर्षांपेक्षा जुनी नसावी.

इथे मला खटकतं. कारला सात वर्षं ठीक असतील. पण शहरातली बस दहा-बारा वर्षं सहज धावते, अमेरिकेतही मोठ्या ट्रान्झिट बसचं किमान आयुष्य १२ वर्षं धरतात. दुसरं म्हणजे बसचे मालक मोजके असतात. एका परिवहन संस्थेने तक्रार नाही केली, तर शेकडो बसच्या तक्रारी एका झटक्यात मोजणीतून गेल्या. मात्र कलम ११०अ मध्ये एक छोटीशी खिडकी आहे: दोषाची माहिती मालकांकडून, चाचणी संस्थेकडून किंवा ‘इतर कोणत्याही स्रोताकडून’ सरकारकडे येऊ शकते. प्रवासी त्या शेवटच्या तीन शब्दांत बसतो.

मग फोन काढा

एमपरिवहन ॲपमध्ये बसचा नंबर टाकला की मॉडेल, नोंदणीची तारीख आणि फिटनेस कधीपर्यंत आहे ते दिसतं. व्यावसायिक गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस घ्यावं लागतं. तारीख उलटून गेली असेल तर स्क्रीनशॉट घ्या. रिकॉल मात्र या ॲपवरून प्रवाशाला कळत नाही.

कान उघडे ठेवले तरी बरंच कळतं. छोटा ‘फुस्स’ चांगला, तो यंत्रणा काम करतेय याचा. बस उभी असताना थांबतच नाही असा ‘श्श्श’ येत राहिला तर कुठेतरी हवा गळतेय. अमेरिकेत व्यावसायिक लायसन्सच्या चाचणीत चालकाला हे मोजून दाखवावं लागतं: इंजिन बंद, ब्रेक सोडलेला, तर एका गाडीत मिनिटाला २ पीएसआयपेक्षा जास्त दाब उतरता कामा नये. ब्रेक दाबून धरला तर ३. करपल्याचा वास, एका चाकातून धूर किंवा चालकासमोर सतत वाजणारा बझर, यातलं काही दिसलं की आधी कंडक्टरला किंवा चालकाला सांगा, चालत्या बसचा व्हिडिओ नंतर. तक्रार करताना बसचा नंबर, मार्ग, वेळ आणि नेमकं काय ऐकलं ते लिहा. ‘ब्रेक फेल आहे’ एवढंच लिहिलं तर डेपोतल्या मेकॅनिकला शोधायचं काय ते कळत नाही. ‘मागच्या डाव्या चाकातून वास येत होता’ लिहिलं तर तो थेट तिथे वाकून बघतो.

इलेक्ट्रिक बसमध्येही हाच एअर ब्रेक असतो बरं का. फक्त कॉम्प्रेसर मोटरवर चालतो, आणि ॲक्सिलरेटर सोडला की मोटरच बसला मंद करते, म्हणून ब्रेक कमी झिजतात. इंजिनचा गोंगाट नसल्याने मधेच घर्र करून कॉम्प्रेसर सुरू झालेला स्पष्ट ऐकू येतो. पहिल्यांदा ऐकलं तर घाबरू नका.

आणि सकाळच्या पहिल्या बसला चालक इंजिन चालू करून काही मिनिटं नुसताच बसलेला दिसला, तर मागून ‘अहो, चला की’ म्हणून हाक मारू नका. रात्रभरात टाकीतली हवा उतरलेली असते. त्याची नजर समोरच्या काट्यावर असते, आणि काटा वर चढल्याशिवाय स्प्रिंग चाक सोडत नाही.